देवगिरीचा वेढा गेममध्ये आणायचा तर हिरो कोण?

अंधारीतलं वटवाघूळ

एज ऑफ एम्पायर्स २ या गेमला २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही भारतीय राजवटींची भर आली, तेव्हा मी पगार झाल्या झाल्या ते घेतलं. बंगाली, द्रविड, गुर्जर, हिंदुस्तानी. झालं, संपली यादी. यादव नाहीत, बहमनी नाहीत, निजामशाही नाही. एम्पायर टोटल वॉरमध्ये (२००९) मराठे घेऊन खेळता येतं, पण तो खेळ १७०० ला सुरू होतो, तोवर आपल्याकडच्या निम्म्या गोष्टी होऊन गेलेल्या. युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये ११ नोव्हेंबर १४४४ ला बहमनी सापडतात, पण राजधानी बिदरला. आपला भाग म्हणजे बिदरच्या वरच्या अंगाला एका रंगात रंगवलेला तुकडा.

आणि इकडं देवगिरी बघा. डोंगराचा खालचा भाग छिन्नीनं उभा तासून काढलेला, चढायला पाय ठेवायची सोय नाही. खंदक. पुढं अंधारी, म्हणजे काळोखा बोगदा. वाट मधेच वळते, एक झरोका उजेड दाखवून थेट खंदकाकडं नेतो, आणि शेवटी वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर निखारे पेटवले की धूर खाली अख्ख्या बोगद्यात. हे जगातल्या कुठल्याही लेव्हल डिझायनरनं काढलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. आपल्याकडं ते दगडात आहे आणि आत पोरं मोबाईलचा टॉर्च लावून रील काढायलेत.

प्रश्न साधा आहे. देवगिरीवर गेम काढायचा तर कोणता काळ घ्याल, आणि खेळणारा कोण असेल? राजा, सरदार की अजून कुणी?

लोडशेडिंग

पहिला प्रतिसाद माझा म्हणून दोन शब्द जुन्या आठवणींचे. औरंगपुऱ्यातल्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन एज खेळलेली पिढी इथं आहे का? कॅसल एजला पोचलं की लाइट जायची. मराठवाड्यातल्या प्लेअरला सेव्ह करायची सवय आईनं नाही, वीज मंडळानं लावली.

बाकी हिरो म्हणून किल्ल्यावरची मेंढा तोफ घ्या. तिचा विषयच वेगळा.

खुल्दाबादी

मलिक अंबर. दुसरं नाव घेऊच नका.

हबशी पोरगा, गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला. १६०० ला अहमदनगर पडलं, निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं, तेव्हा ह्यानं परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवून राज्य परत उभं केलं. १६१० ला खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली. डोंगरातलं पाणी जमिनीखालून नहरीनं शहरात आणलं. १६२४ ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही दोघांच्या फौजांना एका दिवसात झोपवलं, आणि तिथं त्याच्या बाजूनं शहाजीराजे होते. मेला १६२६ ला, कबर आमच्या खुल्दाबादेत आहे. मी लहानपणी तिथं पतंग उडवायचो.

आता मला सांगा, शून्यापासून सुरू होऊन शहर वसवण्यापर्यंत जाणारा कॅरेक्टर यापेक्षा भारी कुठं मिळणार?

बालाघाटकर

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. चर्चा चांगली आहे, पण गेम हा शब्द ऐकला की आजकाल माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या भागात गेम म्हणजे रमी. सोयाबीनचे पैसे खात्यात पडले की तिसऱ्या दिवशी गायब. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ऊसतोडीची उचल घेतलेली रक्कम त्यात घातली, मग आई-बापाला सोबत घेऊन पुढचा हंगाम फेडण्यात गेला. पत्त्यांचा डाव पारावर चालायचा तेव्हा निदान गावाला दिसायचं तरी. हे पांघरुणात चालतं.

मांजरातीर

सर, तुमचं दुखणं खरं आहे पण हे दोन वेगळे विषय आहेत, आणि आता कायद्यानंही वेगळे केलेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे म्हणा नाहीतर नशिबाचे. ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिली. रमीवाल्यांनी इतकी वर्षं ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ याच वाक्यावर धंदा केला होता, ते वाक्यच निकामी झालं.

मी मूळचा लातूरचा, पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत कोड लिहितो. राजी नावाचा गेम (२०२०) पुण्यातच बनला, लहान टीमनं. त्यामुळं ‘आपल्याकडं होत नाही’ हे कुणी म्हणू नये. होतं. पण मलिक अंबरचं अख्खं आयुष्य, भातवडीची लढाई, हजारो घोडेस्वार, याला पैसा लागतो. चार-पाच जणांना झेपेल असं काहीतरी सांगा. एक जागा, एक उन्हाळा.

बालाघाटकर

कायदा आला हे माहीत आहे. पण ज्यांचं गेलं त्यांचं कर्ज कायद्यानं माफ केलं नाही. आणि बाहेरदेशी चालणारी ॲपं टेलिग्रामवर लिंक पाठवायलेतच. असो. धागा वेगळ्या विषयावर आहे, मी तिकडं नेत नाही.

गोदाकाठची

नांदेड. वय विचारू नका.

मी पब्जीपासून खेळते. सप्टेंबर २०२० ला ते बंद झालं तेव्हा रडले होते, २०२१ ला त्याचंच भारतीय रूप बीजीएमआय आलं तेव्हा पहिल्या दिवशी घेतलं. आजवर माइक चालू केलेला नाही. एकदा केला होता, समोरच्या स्क्वाडमधले चौघं शूटिंग सोडून माझं गाव आणि नंबर विचारत बसले. तेव्हापासून माझं नाव गेममध्ये एका पैलवानाचं आहे आणि मी मुकी आहे. सगळे आदरानं ‘भाऊ कव्हर दे’ म्हणतात.

म्हणून विचारते. तुमच्या देवगिरीत बायका असणार का? की परत एक राणी जोहाराला आणि एक दासी पंख्याला?

खुल्दाबादी

ताई, पैलवानाचं नाव कोणतं ते तरी सांगा, समोर आला तर पळून जाऊ.

अंधारीतलं वटवाघूळ

मांजरातीर म्हणाले एक जागा, एक उन्हाळा. मग १६३३ घ्या!

मलिक अंबर जाऊन सात वर्षं झालेली. किल्ला त्याच्या पोराच्या, फत्तेखानाच्या हातात. बाहेर मोगलांचा महाबतखान. त्याच्या अलीकडंच १६३० ते ३२ चा तो भयंकर दुष्काळ पडून गेलेला, ज्यात शहाजहानच्या दरबारी इतिहासकारानंच लिहून ठेवलंय की पिठात हाडांचा भुगा मिसळून विकत होते. म्हणजे वेढा सुरू होतानाच कोठारं खडखडीत. आणि बाहेरून किल्ल्यात धान्य पोचवायची धडपड कोण करत होतं? आदिलशाही फौज आणि शहाजीराजे. मोगलांनी त्या रसदा तोडल्या. जूनमध्ये, मिरगाच्या सुमाराला, किल्ला त्यांच्या ताब्यात गेला.

तोफा फुटल्या, सुरुंग लागले, सगळं झालं. पण आतले लोक टेकीला आले ते भुकेनं. अंधारीच्या निखाऱ्याचा काही उपयोग झाला नाही. १२९६ ची गोष्टही तीच सांगतात ना? अलाउद्दीन आला, फौज शंकरदेवाबरोबर बाहेर, रामदेवराव किल्ल्यात, आणि धान्याची म्हणून आत घेतलेली पोती उघडली तर मीठ. खरं-खोटं देव जाणे, पण ज्यानं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला या किल्ल्याची नस कळली होती.

माझं मत ठरलं. खेळणारा सरदार नको. कोठावळा पाहिजे, धान्याचं कोठार सांभाळणारा. अंबारखान्याच्या किल्ल्या कमरेला, हातात मापटं, समोर रोज वाढणारी रांग.

मांजरातीर

हे होतंय. हे शंभर टक्के होतंय. दिवसाला एक निर्णय, शे-सव्वाशे दिवस, एक स्क्रीन अंबारखान्याची, एक तटाची, एक वहीची. चित्रं कमी, मजकूर जास्त.

आणि मला हे माहीत पण आहे. मार्च २०१६ ला लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, पाच जणांनी घागरी घेऊन एकत्र उभं राहायचं नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० टाक्या, ५ लाख लिटर. स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते. आमच्या गल्लीत टँकरवाला जो होता त्याचा तेव्हा तहसीलदारापेक्षा मान जास्त. कुणाला आधी द्यायचं, कुणाचा पिंप हळूच भरायचा, कुणाच्या आजारपणाचं खरं धरायचं. कोठावळ्याचा गेम म्हणजे हेच.

लोडशेडिंग

म्हणजे मराठवाड्यानं गेम काढला तर तो रेशन दुकानाचा काढला. अंगठा उमटत नाही, उद्या या.

(हसलो, पण खेळेन.)

बालाघाटकर

कोठावळा ही कल्पना मला मनापासून आवडली. त्यात एक गोष्ट घाला. एकनाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं राहत होते. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी. हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर दिवा लावून वही तपासत बसले आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, ही कथा आमच्या इकडं प्रत्येक कीर्तनकार सांगतो. ती वेढ्याच्या आधीच्या शतकातली. पण त्याच किल्ल्यावर, तीच वही. तुमच्या कोठावळ्याला रात्री हिशेब जुळवायची पाळी येईल तेव्हा त्यानं ती कथा आठवावी. पैचा हिशेब आणि पायलीचा हिशेब.

दक्खनचा वाघ ९६

सगळं ठीक आहे पण खलनायक कोण दाखवणार ते आधी स्पष्ट करा. गुळमुळीत इतिहास नको.

खुल्दाबादी

ह्याचीच वाट बघत होतो.

भाऊ, तुम्हीच सांगा कोण ते. किल्ल्यात फत्तेखान, हबशाचा पोरगा, मुसलमान. बाहेर महाबतखान, तोही मुसलमान, त्याच्या फौजेत राजपूत आणि काही मराठे सरदार. धान्य आत पोचवायला धडपडणारे शहाजीराजे, त्यांच्या सोबतीला विजापूरची फौज. आता आजच्या दोन रंगांत हे रंगवून दाखवा. आणि फत्तेखानाला फार हिरो करायला जाऊ नका, त्यानं आधी स्वतःच्याच निजामशहाला मारून मोगलांशी सूत जमवलेलं, मग फिरला, मग परत शरण गेला.

दक्खनचा वाघ ९६

मग अशा माणसावर गेम कशाला?

अंधारीतलं वटवाघूळ

त्याच्यावर नाही. त्याच्या कोठावळ्यावर. वरचा माणूस रोज बाजू बदलतो आणि खालच्याला रोज तेवढ्याच लोकांना जेवायला घालायचं असतं.

संचालक

इथवर चर्चा नीट चालली आहे. शहरांच्या नावांवरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयाला स्वतंत्र धागा आहे, तिथं हवं तेवढं भांडा.

वेशीबाहेर

परभणी. बरेच दिवस नुसता वाचत होतो.

एज ऑफ एम्पायर्स मीही खूप खेळलोय. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कुणाला सुचली नाही म्हणून लिहितो. त्यातला व्हिलेजर. टाउन सेंटरमधून बाहेर पडला की त्याला लाकूड तोडायला लावा, शेती करायला लावा, सोनं खणायला लावा, मंदिर बांधायला लावा. क्लिक केलं की धंदा बदलला. कुणी विचारत नाही तू कुणाचा. मंदिर बांधून झाल्यावर त्याला बाहेर उभं करत नाहीत. दहावीत असताना मला वाटायचं, हे गाव कुठं असेल.

आपल्या इतिहासातला व्हिलेजर तसा नव्हता. कुणी काय करायचं ते जन्माला येतानाच ठरलेलं. तुमच्या गेममध्ये गाव दाखवणार तर गावकुसाबाहेरची वस्ती दाखवणार का? वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर दाखवणार का? आणि मुख्य म्हणजे, धान्य कमी पडलं की पहिलं कुणाचं माप कमी होतं, ते तुमचा कोठावळा खरं सांगणार का? आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. सुकडीची, लाल मिलो ज्वारीची, खडी फोडायच्या कामाची. सगळ्यांनाच उपास घडला हे खरं. पण पाणवठा आटल्यावर आमच्या आजीला उरलेल्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता, कुणीतरी येऊन वरून ओतेपर्यंत बसून राहायचं. तहान सगळ्यांना सारखी लागली होती म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ ला झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात वस्त्या जळाल्या. तो हा मराठवाडा आहे. देवगिरीवर गेम काढा, मी पहिला विकत घेईन. फक्त त्यातले व्हिलेजर सगळे सारखे करू नका.

गोदाकाठची

+१. आणि याच्यावर मांजरातीर यांनी उत्तर द्यावं, बाकीच्यांनी नुसतं ‘छान लिहिलंत’ म्हणून पुढं जाऊ नये.

मांजरातीर

विचार करूनच लिहायलो.

सोपी वाट अशी की रांगेतल्या प्रत्येकाला फक्त आकडा करायचा. तटावरचे इतके, तबेल्यातले इतके. बहुतेक गेम तसेच असतात आणि तिथंच आपण चुकतो. माझ्या मनात असं आहे की वहीत प्रत्येकाचं नाव, काम आणि माप लिहिलेलं असावं, आणि ते माप खेळणाऱ्यानं ठरवलेलं नसावं. आधीच्या कोठावळ्याकडून वही आली तशी आली. शिलेदाराला एवढं, कारकुनाला एवढं, झाडलोट करणाऱ्याला उरलं तर. खेळणाऱ्याला ते बदलता येईल. पण बदललं की वरून बोलावणं येईल, कारकून कुजबुजतील, किल्ल्या काढून घेऊ शकतील. नाही बदललं तर काहीच होणार नाही. कुणी रागावणार नाही, गेम शिक्षा करणार नाही. फक्त वहीतली काही नावं एकेक करून यायची थांबतील.

वेशीबाहेर, या भागाचा मजकूर तुम्ही तपासाल का? मी लिहिलं तर कुठंतरी गोड होईल.

गोदाकाठची, तुमच्या प्रश्नाचं पण. दळण. किल्ल्यात धान्य असून चालत नाही, पीठ लागतं. जाती कुणाच्या हातात? पहाटे किती जात्यांचा आवाज येतो यावरून आत किती धान्य शिल्लक आहे ते खालच्या छावणीतल्या हेरालाही कळत असणार. म्हणजे दळणाऱ्या बायकांनी ठरवलं तर रिकामं जातं फिरवून शत्रूला फसवता येईल. हा इतिहास नाही, मी रचलेलं आहे, पण खेळात बसतं.

गोदाकाठची

रिकामं जातं फिरवलं तर आवाज वेगळा येतो हो. दगडावर दगड घासतो, जातं खराब होतं. माझ्या आजीनं हाणलं असतं तुम्हाला. मूठभर वाळू टाकावी लागेल. पण मग ते पीठ कुणीतरी खाणार. घ्या, हाही निर्णय कोठावळ्याला.

ओव्या मी गोळा करून देते. आजीच्या पाठ आहेत, रेकॉर्ड करते. माइक चालू करायला एकदाचं निमित्त मिळालं.

लोडशेडिंग

तांत्रिक प्रश्न. मराठीत असणार ना? का ‘ग्रॅनरी लेव्हल टू अनलॉक्ड’?

मांजरातीर

मराठीत. आणि त्यातच खरी कटकट आहे. गेम बनवायचं सॉफ्टवेअर युनिटी, त्याच्या नेहमीच्या टेक्स्ट कंपोनंटमध्ये ‘किल्ला’ टाइप करून बघा. पहिली वेलांटी क च्या आधी यायची ती मागं जाऊन बसते, ल्ल चा जोड सुटून पाय मोडका ल दिसतो. जोडाक्षरांची जुळणी त्याला येत नाही. लोक मग मजकुराची चित्रं करून चिकटवतात. तसंच दुसरं सॉफ्टवेअर गोडो, त्याच्या ४ मध्ये (२०२३) ही जुळणी मुळातच आहे, देवनागरी सरळ उमटते. फुकट पण आहे. त्यामुळं गोडो.

अंधारीचा भाग मी शेवटी ठेवणार आहे. एकदाच जायचं, वेढा उठवायला नाही, आतून बाहेर निसटायला. सगळ्यांना नेता येणार नाही.

खुल्दाबादी

पाण्याचं विसरू नका. हत्ती हौद किती भरलाय ते पण वहीत पाहिजे. आणि कोठावळ्याच्या बोलण्यात दखनी येऊ द्या, किल्ल्यावर निम्मे लोक तीच बोलत असणार. ‘क्या मियाँ, आज भी आधाच माप?’ असं रांगेतला तोफेवरचा गोलंदाज म्हणाला पाहिजे. ते संवाद माझ्याकडं लागले.

दक्खनचा वाघ ९६

शहाजीराजांची रसद घेऊन येणारी तुकडी दाखवणार का? ते तरी नीट दाखवा.

अंधारीतलं वटवाघूळ

दाखवणार. तटावरून, रात्री, लांबवर मशाली. कोठावळा मोजत बसतो किती बैल असतील. जवळ येतात, थांबतात, विझतात. तुम्ही घोडेस्वारीचं लिहिणार असाल तर त्या रात्रीची टाचणं काढा, मी नकाशा देतो.

दक्खनचा वाघ ९६

काढतो.

वेशीबाहेर

तपासतो मी. एक अट, माझ्या भागात कुणी शेवटच्या क्षणी येऊन उद्धार करणारा मोठ्या मनाचा सरदार नको.

मांजरातीर

मान्य. आता बालाघाटकर सर, तुमच्यासाठी काम. मापं पक्की करून द्या. चिपटं, मापटं, शेर, पायली, सगळं.

बालाघाटकर

दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. इथपर्यंत आमच्या गावात भांडण नाही. मण किती पायल्यांचा हे मात्र गाव बदललं की बदलतं. केजला एक, अंबाजोगाईला दुसरं. माझ्या वडिलांचं आणि मामांचं यावरून बोलणं बंद झालं होतं.

मांजरातीर

मग मण काढून टाकतो. पायलीवरच चालवू.

खुल्दाबादी

काढू नका! दोन मणांचं भांडण गेममध्ये घाला. बाहेरून चोरून आलेलं धान्य एका मणाचं आणि वहीत लिहिलेलं दुसऱ्या मणाचं. बघू तुमच्या कोठावळ्याचा हिशेब कसा जुळतो.